मन, मेंदू आणि एक अमायनो आम्ल

पूर्वी सरकारी कचेरीतील टेबलावर फायलींच्या शेजारी पानाचा डबा किंवा तपकिरीची डबी हटकून दिसे. अलीकडे तेथे प्लास्टिकचा एक चकचकीत डबा दिसू लागला आहे. आत गोळ्या किंवा भुकटी असते आणि डब्यावर मनःप्रसाद, शांत झोप व एकाग्रता ह्यांचे आश्वासन असते. काही महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने असाच एक डबा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "साहेब, आपण बरेच वाचता. ह्यात तथ्य किती, ते सांगा." डब्यावर 'एल-ट्रिप्टोफॅन' असे नाव होते.

मी वैद्य नव्हे आणि रसायनशास्त्राचा पदवीधरही नव्हे. परंतु अर्जदाराचा दावा काय आणि त्यासोबत जोडलेला पुरावा काय, हे वेगवेगळे करून पाहण्याची सवय आमच्या व्यवसायात लागते. त्या सवयीने मी ह्या डब्याची छाननी करावयास घेतली. वाटले होते की, एका संध्याकाळचे काम आहे. प्रत्यक्षात त्या छाननीने मला मुंबईच्या सर्पगंधेपासून अमेरिकेतील वेड्यांच्या इस्पितळांपर्यंत आणि तेथून हैदराबादच्या ज्वारीपर्यंत फिरवून आणले. त्याच फेरीचा वृत्तांत आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम हे अमायनो आम्ल म्हणजे काय, ते पाहू. डाळ, दूध, अंडी, मासे ह्यांतून जी प्रथिने आपल्या पोटात जातात, ती म्हणजे जणू लांबलचक माळा होत. पचनात ह्या माळा तुटतात, मणी सुटे होतात आणि शरीर त्याच मण्यांतून आपल्याला हव्या त्या नव्या माळा ओवते. हे मणी म्हणजेच अमायनो आम्ले. त्यांचे प्रकार वीस. त्यांपैकी नऊ प्रकार शरीराला स्वतः घडविता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळावे लागतात. ट्रिप्टोफॅन हे ह्या नवांपैकी एक असून अन्नात ते सर्वांत विरळ असते. प्रथिनाच्या शंभर भागांत त्याचा वाटा सामान्यतः एक ते दीड भाग एवढाच. सुदैवाने गरजही थोडीच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ४ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला पाव ग्रॅमच्या आतच. जो माणूस दोन वेळा डाळ-भात, भाजी-पोळी व थोडे दूध-दही घेतो, त्याच्या पोटात ह्याच्या दुप्पट ट्रिप्टोफॅन सहज जाते. ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

हे द्रव्य प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते १९०१ मध्ये, इंग्लंडात केंब्रिज येथे, फ्रेडरिक हॉपकिन्स व त्यांचे सहकारी कोल ह्यांनी. पाच वर्षांनी हॉपकिन्स ह्यांनी दुसऱ्या एका सहकारी संशोधक स्त्रीसमवेत उंदरांवर एक प्रयोग केला. मक्यात झीन नावाचे एक प्रथिन असते. त्यात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतेच. केवळ ह्या प्रथिनावर ठेवलेले उंदीर झपाट्याने खंगून मेले. त्याच अन्नात ट्रिप्टोफॅन मिसळले तेव्हा ते अधिक काळ जगले व अधिक तरतरीत राहिले. पोट भरलेले आहे, तरीही एक मणी कमी पडल्याने प्राणी खचतो, हे त्या काळी नवे ज्ञान होते.

ट्रिप्टोफॅनचा मनाशी संबंध जोडला गेला तो मात्र पुष्कळ उशिरा, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या देशातून जातो. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य रक्तातून वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव सेरोटोनिन. ते शरीरात ट्रिप्टोफॅनपासूनच तयार होते. १९५३ मध्ये बेट्टी ट्वॅरॉग ह्या तरुण संशोधिकेने ते मेंदूतही असल्याचे दाखविले. वस्तुतः शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असते, मेंदूत त्याचा अगदी अल्प अंश असतो. परंतु तेवढ्या अंशाकडून मज्जापेशी परस्परांना निरोप पाठवितात. झोप, भूक, वेदना, मनाची स्थिती ह्या साऱ्यांशी त्या निरोपांचा संबंध येतो.

आता सर्पगंधा. वेडाच्या झटक्यावर व निद्रानाशावर हे मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्माद व रक्तदाब ह्यांवरील तिच्या उपयोगाविषयी निबंध लिहिला आणि १९४९ मध्ये मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव इंग्लंडातील एका हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर जगाचे लक्ष ह्या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे प्रभावी द्रव्य वेगळे झाले आणि लाखो लोक ते घेऊ लागले. पण काही थोड्या रुग्णांचा रक्तदाब उतरला तसे मनही उतरले. ते खिन्न झाले, काही तर जिवावर उदार झाले. तिकडे १९५५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, रेसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. दोन आणि दोन चार करण्याचा मोह कोणाला आवरणार? सेरोटोनिन आटले म्हणून मन खचले; तर मग सेरोटोनिन वाढविले की मन उभारी घेईल आणि ते ट्रिप्टोफॅनपासून होत असल्याने ट्रिप्टोफॅन द्यावे! १९६३ मध्ये इंग्लंडात विषादाच्या रुग्णांना एका विशिष्ट औषधाच्या जोडीला ट्रिप्टोफॅन देऊन पाहिले, तेव्हा औषधाचा गुण अधिक आला. माझ्या सहकाऱ्याच्या टेबलावरील डब्याचे कूळ हे असे आहे. कूळ खानदानी आहे, ह्यात शंका नाही. पण ह्या युक्तिवादात एक उणीव तेव्हापासूनच होती. रेसर्पिन केवळ सेरोटोनिनच नव्हे, तर डोपामीन व नॉरअ‍ॅड्रिनलिन हे दुसरे दोन साठेही रिते करते. घरात तीन चोऱ्या झाल्या असता एकाच वस्तूच्या नावाने फिर्याद नोंदविण्यासारखे ते होते.

मग पुरवठा खरोखरच तुटला तर मनाचे काय होते? ह्याचा एक फार मोठा आणि फार निर्दय प्रयोग दारिद्र्याने करून ठेवला आहे. १७३५ मध्ये उत्तर स्पेनमध्ये गास्पार कासाल नावाच्या वैद्याने गरीब शेतकऱ्यांतील एका रोगाचे वर्णन लिहून ठेवले. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन फाटते, पोट बिघडते आणि मन भ्रमिष्ट होते. इटलीत ह्याच रोगाला खरखरीत कातडी ह्या अर्थाचे नाव मिळाले: पेलाग्रा. जेथे जेथे गरिबांचे मुख्य अन्न मका झाले, तेथे तेथे हा रोग गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याचा कहर झाला. वेड्यांच्या इस्पितळांत असे रोगी शेकड्यांनी भरती होत आणि कित्येक तेथेच मरत.

१९१४ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील जोसेफ गोल्डबर्गर ह्या डॉक्टरांना ह्या कामावर नेमले. त्या वेळी बहुतेकांची समजूत ती साथ जंतूंची आहे अशी होती. गोल्डबर्गर इस्पितळे व अनाथाश्रम हिंडले आणि एका साध्या गोष्टीपाशी थबकले. रोगी आणि त्यांचे सेवक एकाच छपराखाली राहत. पण रोग फक्त रोग्यांना होई, सेवकांना कधी होत नसे. जंतू हुद्दा पाहून लागत नाहीत. मग फरक कशात? ताटात. सेवकांना दूध, मांस, अंडी मिळत. रोग्यांना मक्याची भाकरी, काकवी आणि डुकराची चरबी. १९१५ मध्ये मिसिसिपी राज्यातील तुरुंगाच्या शेतीवर अकरा धडधाकट कैद्यांनी सुटकेच्या मोबदल्यात असे अन्न खाण्याचे कबूल केले. काही महिन्यांत त्यांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. सरकारी नोकराच्या हातून एवढे काम झाल्याचे वाचून मला थोडा अभिमान वाटला, हे लपवीत नाही. मात्र कैद्यांच्या संमतीचा तो प्रकार आज कोणतीही समिती मंजूर करणार नाही, हेही खरे.

रोगाचे मूळ अमायनो आम्लाच्या उणिवेत असावे, असा तर्क गोल्डबर्गर ह्यांनी १९२२ मध्ये मांडला होता. ते १९२९ मध्ये वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन येथे कॉनराड एल्व्हेजेम ह्यांनी नायसिन हे 'ब' गटातील जीवनसत्त्व ह्या रोगाचा उतारा असल्याचे सिद्ध केले. प्रश्न सुटला असे वाटले, पण एक कोडे उरले: दुधात नायसिन फारसे नसते, तरी दुधाने पेलाग्रा बरा कसा होतो? ह्याचे उत्तर १९४५ च्या सुमारास सापडले. शरीर ट्रिप्टोफॅनपासून स्वतःच नायसिन बनविते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्ची पडते तेव्हा एक मिलिग्रॅम नायसिन हाती येते. दुधात ट्रिप्टोफॅन भरपूर. गोल्डबर्गर ह्यांचा तर्क आणि एल्व्हेजेम ह्यांचा शोध असे एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. मका न खाणाऱ्या दख्खनच्या पठारावरही पेलाग्रा होता, आणि तो होता ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांत. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया ह्यांनी ह्याचा शोध घेतला. ज्वारीत ट्रिप्टोफॅनचे मक्याइतके दुर्भिक्ष नाही. पण तिच्यात ल्युसिन नावाचे दुसरे अमायनो आम्ल फार असते. हे जादा ल्युसिन ट्रिप्टोफॅनच्या कामात अडथळा आणीत असावे, असे त्यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात मांडले. हा तर्क सर्वांनाच पटला असे नाही, त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या श्रोत्यांनी मात्र बिचकून जाऊ नये. भाकरीसोबत वरण, उसळ, ताक, शेंगदाण्याची चटणी असेल तर ज्वारीकडून काही भय नाही. रोग होई तो ज्यांच्या भाकरीसोबत मीठ-मिरचीखेरीज काही नसे त्यांना.

ह्या रोगात मन कसे ढासळते ते ऐकण्यासारखे आहे. प्रथम झोप उडते. मग चिडचिड, विनाकारण भीती, कशातच रस न वाटणे, खिन्नता. उपचार न झाल्यास भ्रम आणि स्मृतिभ्रंश. नायसिन मिळताच वर्षभर वेडा समजला गेलेला माणूस काही दिवसांत घरच्यांची नावे घेऊन बोलू लागे. अन्नातील एका द्रव्याच्या अभावी मन नासते आणि ते द्रव्य मिळताच मन परत येते, ह्याचा ह्याहून ठळक पुरावा मला तरी माहीत नाही. पण तेथेही मनाला सावरते ते नायसिन. केवळ सेरोटोनिनच्या हिशेबाने ती कथा पुरी होत नाही. आणि मुख्य म्हणजे, तो उपाय उणीव असलेल्याला दिलेला होता. ज्याच्या घरी पाणी नाही त्याच्या दारात टँकर उभा करणे वेगळे आणि भरलेल्या हौदात आणखी घागरी ओतणे वेगळे.

भरलेल्या हौदात ओतले तर काय होते? येथे मेंदूची रचना आड येते. रक्तात जे जे आहे ते ते मेंदूत जाऊ शकत नाही. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की, बहुतेक द्रव्यांना ठरलेल्या दारानेच आत जावे लागते. सेरोटोनिनला तर प्रवेशच नाही. ते मेंदूला आपले आपणच तयार करावे लागते. ट्रिप्टोफॅनला दार आहे, पण त्याच दाराशी ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन व फिनाइलअ‍ॅलनिन ही अमायनो आम्लेही उभी असतात. रेल्वेच्या तिकिटाच्या एकाच खिडकीपुढे सहा जणांनी गर्दी करावी, तसे. ट्रिप्टोफॅन संख्येने सर्वांत कमी. त्याचा नंबर लागणे कठीण.

ह्यातून एक विपरीत गोष्ट घडते. प्रथिनयुक्त जेवण घेतले की ट्रिप्टोफॅन रक्तात येते खरे, पण प्रतिस्पर्धी त्याच्या कितीतरी पटींनी येतात आणि मेंदूत शिरणारे ट्रिप्टोफॅन वाढत नाही. उलट कमी होऊ शकते. ह्याच्या उलट केवळ पिष्टमय व गोड पदार्थ खाल्ले, तर इन्शुलिन स्रवते, ते प्रतिस्पर्ध्यांना स्नायूंत ओढून नेते, रांग मोकळी होते आणि ज्या अन्नात ट्रिप्टोफॅनचा कणही नाही त्या अन्नाने मेंदूतील ट्रिप्टोफॅन वाढते! फर्नस्ट्रॉम व वर्टमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७१ व १९७२ मध्ये उंदरांवर हे सिद्ध करून दाखविले. लग्नाच्या पंगतीत जिलबीवर आडवा हात मारल्यानंतर दुपारी जी डुलकी येते तिचे शास्त्रीय कारण हेच, असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण त्या पंगतीत मठ्ठाही असतो, वरणही असते. आणि जेवणात थोडेसे प्रथिन असले तरी हा परिणाम पुसला जातो. तेव्हा जिलबीची डुलकी तूर्त केवळ जिलबीच्याच नावे राहू द्यावी.

तथापि शुद्ध ट्रिप्टोफॅन रिकाम्या पोटी घेतले तर मात्र रांगेत त्याचीच गर्दी होते व ते आत जाते. डब्याच्या बाजूने ही गोष्ट कबूल केली पाहिजे. मेंदूतील जे विकर, म्हणजे एंझाइम, ट्रिप्टोफॅनचे रूपांतर करते ते सामान्यतः आपल्या पुऱ्या शक्तीने चालत नसते. कच्चा माल अधिक मिळाला तर माल अधिक निघतो. म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन वाढते, हे खोटे नाही. पण कोठारात धान्य वाढले म्हणून गावात वाटप वाढले असे होत नाही. मज्जापेशी सेरोटोनिन साठवून ठेवतात आणि निरोपाच्या वेळीच सोडतात. बाहेर ते जास्त झाल्याचे जाणवले की त्याच पेशी आपला वेग मंद करतात. शिवाय शरीरातील ट्रिप्टोफॅनच्या शंभर भागांपैकी सुमारे पंचाण्णव भाग मोडले जातात ते सेरोटोनिनच्या नव्हे, तर नायसिनकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेने. आणि पुरवठा वाढला की यकृतातील विकर त्या वाटेची रहदारी आणखी वाढविते. शरीर हे उदार गिऱ्हाईक नाही. त्याला जेवढे हवे तेवढेच ते घेते.

आता प्रत्यक्ष माणसांवरील अनुभव. झोपेच्या बाबतीत बाजू थोडी बरी आहे. ज्यांना सौम्य निद्रानाश आहे त्यांना एक ग्रॅम किंवा अधिक मात्रेने झोप लवकर लागते, असे काही प्रयोगांत दिसले. विषादाच्या बाबतीत २००२ मध्ये एक समीक्षा प्रसिद्ध झाली. समीक्षकांनी ट्रिप्टोफॅन व त्याच्या पुढच्या पायरीचे फाइव्ह-एचटीपी ह्या दोहोंवरील १०८ प्रयोग शोधून काढले. त्यांतून नीट आखणी केलेले किती निघाले? दोन. त्या दोहोंत मिळून रुग्ण किती? चौसष्ट. त्या चौसष्टांत पोकळ गोळीपेक्षा ह्या द्रव्यांचा गुण अधिक दिसला, पण एवढ्या आधारावर शिफारस करता येत नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. माझ्यासारख्या माणसाला ही आकडेवारी सर्वांत बोलकी वाटली. १०८ कागद जोडलेला अर्ज आणि त्यांतील ग्राह्य कागद दोन!

उलट दिशेचे प्रयोग अधिक उद्बोधक आहेत. ट्रिप्टोफॅन वगळून बाकीच्या अमायनो आम्लांचे मिश्रण पाजले, तर काही तासांतच रक्तातील ट्रिप्टोफॅन पुष्कळ खाली येते. निरोगी माणसांना असे मिश्रण पाजले तेव्हा बहुतेकांच्या मनःस्थितीत फारसा पालट झाला नाही. परंतु विषादातून बरे होऊन सेरोटोनिनवर काम करणारी औषधे घेत असलेल्यांपैकी पुष्कळांची खिन्नता काही तासांपुरती परतली. एकच टंचाई, पण एकाला कळतही नाही आणि दुसरा कोसळतो. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन, विषादाचे कारण सेरोटोनिनची कमतरता असल्याचा सुसंगत पुरावा मिळत नाही, असे म्हटले. त्यावर इतर तज्ज्ञांनी हरकती घेतल्या. ह्या वादातून औषधे निरुपयोगी ठरतात असे मात्र नाही. डोकेदुखी अ‍ॅस्पिरिनने थांबते, म्हणून ती अ‍ॅस्पिरिनच्या अभावाने झाली होती असे कोणी म्हणत नाही.

अमायनो आम्ल हे मेंदूचे औषध होऊच शकत नाही काय? होऊ शकते, आणि त्याचे उदाहरण आपल्या कुंपणावर आहे. खाजकुयलीच्या शेंगेची खाज लहानपणी ज्याने अनुभवली तो ती विसरत नाही. तिच्या बियांत लेव्होडोपा हे अमायनो आम्ल असते. दामोदरन व रामस्वामी ह्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्ये त्या बियांतून वेगळे केले. वीस वर्षांनी स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन ह्यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा टोचले आणि ते ससे उठून हिंडू लागले. म्हणजे सर्पगंधेने निजविले आणि खाजकुयलीतील द्रव्याने उठविले! कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फार कमी झालेले असते हे १९६० मध्ये व्हिएन्ना येथे दिसून आले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास ह्यांनी मोठ्या, हळूहळू वाढविलेल्या मात्रेने डोपा देऊन आखडलेल्या रुग्णांना हालते-चालते केले. कार्लसन ह्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजही लेव्होडोपा हे कंपवातावरचे प्रमुख औषध आहे, आणि त्यालाही तीच खिडकी व तीच रांग आहे. म्हणून प्रथिनयुक्त जेवणाच्या आधी गोळी घ्या, असे रुग्णाला सांगतात. येथे उणीव कोठे आहे ते माहीत होते, मात्रा मोजलेली होती आणि वैद्याचा हात नाडीवर होता. बिया कुटून घरच्या घरी घेणाऱ्याला ह्या तीनपैकी एकही गोष्ट साधत नाही.

मोजमाप सुटले की काय होते ते १९८९ मध्ये अमेरिकेने पाहिले. त्या काळी तेथे झोपेसाठी व मनासाठी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या सर्रास विकल्या जात. त्या वर्षीच्या शरदात न्यू मेक्सिको राज्यातील वैद्यांना असह्य स्नायुदुखीचे आणि रक्तात विशिष्ट पांढऱ्या पेशी अफाट वाढलेले रुग्ण आढळले. सर्वांनी ट्रिप्टोफॅन घेतले होते. पाहता पाहता अशा रुग्णांची संख्या दीड हजारांवर गेली, तिसांहून अधिक माणसे दगावली आणि कित्येक कायमचे अपंग झाले. माग काढता काढता तो बहुतांशी जपानमधील एकाच कारखान्याच्या मालापाशी पोचला. तेथे ज्या जिवाणूंकडून हे द्रव्य बनवून घेत त्यांचा वाण बदलला होता आणि गाळण्यासाठी वापरावयाचा कोळसा कमी केला होता. नेमके कोणते विष त्यात उरले, ह्याविषयी अद्याप एकमत नाही. त्या गोळ्या औषध म्हणून तपासलेल्या नव्हत्या, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या अन्न होत्या.

आपल्याकडेही पूरक आहार हा अन्नाच्याच नियमांखाली येतो. औषधाला आपला गुण सिद्ध करावा लागतो. अन्नाला तसा लागत नाही. म्हणूनच अशा डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापण्याचे नियमाने बंधन आहे. मी सहकाऱ्याचा डबा फिरवून पाहिला. ते वाक्य तेथे होते. मनःप्रसादाचे अक्षर मात्र त्याच्या चौपट मोठे होते.

हे सर्व मी त्यांना दोन-तीन जेवणाच्या सुट्ट्यांत सांगितले. शेवटच्या दिवशी ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. गेले वर्षभर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, त्यांनी हात लावलेला नव्हता. पूर्वी दर गुरुवारी ते भजनाला साथ करीत. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या कोठे आहेत, असे विचारल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला. त्या जुन्या परिपत्रकांखाली होत्या. कधी घ्याव्या, कधी टाळाव्या, असे चालले होते. डबा टेबलावर मिरविता येतो आणि मनाच्या गोळ्या मात्र खणात लपवाव्या लागतात. त्या दिवशी मला उमगले की, डब्याचा खप ट्रिप्टोफॅनपेक्षा ह्या लाजेवर अधिक चालतो.

खण उघडला हे एका दृष्टीने बरेच झाले. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या आणि हे द्रव्य ही दोन्ही एकदम घेतली, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन थरकाप, घाम, ताप, छातीत धडधड आणि गोंधळलेपणा उद्भवू शकतो. प्रसंगी ते जिवावर बेतते. हे डब्यावर ठळक अक्षरात नव्हते आणि डॉक्टरांना डब्याची वार्ता नव्हती. मी त्यांना एवढेच सुचविले की, डबा, गोळ्या आणि पहाटे तीनची जाग ही तिन्ही एकाच वेळी डॉक्टरांपुढे ठेवावीत. आणि घरी बोलण्याची चोरी असेल, तर सरकारच्या टेली-मानस ह्या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

ते गेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा ट्रिप्टोफॅनचा प्रश्नच निघाला नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र फार कमी निघाले. आयुष्यभर निव्वळ शाकाहार करणाऱ्या आणि दुधाचा कंटाळा असणाऱ्या माणसांत ते असे कमी होऊ शकते, आणि त्याचाही मनावर परिणाम होतो. त्याची टोचणी सुरू झाली. खिन्नतेच्या गोळ्याही नेमाने सुरू राहिल्या, डबा बंद झाला. आता महिन्यातून एकदा ते अर्ध्या दिवसाची रजा मागतात. अर्जात कारण लिहितात 'वैद्यकीय', आणि मी सही करतो.